साडूंचे पिवळे दिवे

माझ्या सासरच्या गोतावळ्यात असा एकही माणूस सापडणार नाही, ज्याला माझ्या थोरल्या साडूंनी कधी ना कधी आपल्या गाडीतून घरी आणलं नाही. बाळंतिणींना त्यांनी आणलं, परदेशातून येणाऱ्यांना आणलं, रुसून माहेरी गेलेल्या एका सुनेला आणलं, आणि एकदा तर विमानतळावरून दुसऱ्याच कुणाच्या पाहुण्यांना थेट डोंबिवलीला आपल्या घरापर्यंत आणलं. त्या मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मग सगळा घोळ लक्षात आला. त्यांना भांडुपला सोडायलाही साडूच गेले. कुणाला आणायला जायचं म्हटलं की ते तासभर आधी पोचत, गाडी सावलीत लावत आणि काचा खाली करून शांत बसून राहत. "उतरणाऱ्याने मान वर केली की आपण दिसलो पाहिजे," असं ते म्हणत. "त्याला शोधायला लागलं तर आपण गेलो कशाला?" मी ठाण्यात खोपटला राहतो, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो, आणि सायकलीपलीकडे मला काही चालवता येत नाही. त्यामुळे त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा आणलेला माणूस बहुधा मीच असेन. ते मला मास्तर म्हणत.

त्यांना काचबिंदू निघाला तो त्यांच्या निवृत्तीनंतर. बाजूची नजर कमी होत जाईल, गेली ती परत येणार नाही, संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साडूंनी थेंब वेळेवर घातले, कुणी सांगितलं नसताना चहातली साखरही सोडली, पण शेवटच्या सूचनेचा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला. "डॉक्टरांनी अंधाराला मनाई केलीय, मास्तर, गाडीला नाही. आपण अंधार कमी करू." यावर घरात कुणी हसलं नाही. दर शनिवारी ते ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मुरबाडच्या पुढे सासूबाईंकडे घेऊन जात, आणि परतताना अंधार पडेच. तो शनिवार बंद झाला तर गाडी नुसती दारात उभी राहील, एवढंच नव्हतं. माणसं आणून सोडणं हेच आयुष्यभर ज्याचं काम, त्याने मग घरात कोण म्हणून वावरायचं, हा प्रश्न होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. ते दिवे शोधायला लागले.

गाडीला मूळचे दिवे असतातच. त्यांच्या खाली, बंपरवर, आणखी दोन लावायचे होते. एवढ्याशा गोष्टीला त्यांनी अख्खा पावसाळा घेतला. लांब पल्ल्याचे की रुंद पसरणारे, पांढरे की पिवळे, नियमात बसणारे कोणते, काच फुटली तर सुटी मिळते का. मुलीच्या लग्नात त्यांनी याच्या निम्म्यानेही चौकशी केली नव्हती, असं ताई म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी मला माजिवड्याच्या पुलाखाली उभं केलं. "येणाऱ्या गाड्यांकडे बघा, आणि कुठला दिवा डोळ्यांत खुपतो ते सांगा." मी धुरात डोळे चोळत सांगत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणालो, "अहो, पण तुम्हाला उजेड हवाय ना? मग दुसऱ्याच्या डोळ्यांची एवढी काळजी कशाला?" ते माझ्याकडे जरा निराशेने बघत म्हणाले, "मास्तर, समोरच्याचीही कुणीतरी घरी वाट बघत असतं."

दिवे बसवायचं काम कल्याणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे होतं. तो गालात पान धरून बोलणारा, घाईचा माणूस होता. "काका, डायरेक्ट बॅटरीवरून लाइन मारतो. अर्ध्या तासात मोकळे व्हाल."

"रिले घाल. फ्यूज घाल. वायर रबरी नळीतून ने. मला मोकळं व्हायचं नाहीये."

"आणि पिवळे कशाला घेतले? पांढरे लावा ना, रात्रीचा दिवस करून टाकतो!"

"मला दिवस नकोय रे बाबा. मला रस्ता पाहिजे."

त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पुस्तकात डोकं घातलं. काम संपायला दुपार गेली, कारण प्रत्येक स्क्रू आवळल्यावर साडू वाकून बघत आणि "आणखी अर्धा फेरा" म्हणत. दिव्यांचं बटण त्यांनी डॅशबोर्डच्या मध्यावर बसवून घेतलं. शेवटी ताईंनी डब्यातून आणलेलं हळदकुंकू दोन्ही काचांना लागलं, नारळ फुटला, आणि इलेक्ट्रिशियनच्या हातावर खोबरं ठेवून साडू म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. मी घरीही असाच वागतो." "खरंय," ताई म्हणाल्या.

पहिल्याच शनिवारी एक चूक उघडकीला आली. दिव्यांचा रोख त्यांनी रिकाम्या गाडीवर, सोसायटीच्या भिंतीसमोर खडूने रेघा मारून लावला होता. परतताना मात्र मागे आम्ही नवराबायको आणि ताई, डिकीत सासूबाईंनी दिलेले तांदूळ, नारळ आणि दोन भोपळे. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर झालं, आणि तो सुंदर पिवळा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर फिरू लागला. एका वडावरचे बगळे खडबडून जागे झाले. रविवारी संध्याकाळी आम्हा सगळ्यांना फोन आला. तांदूळ, भोपळे आणि नातेवाईक जसेच्या तसे गाडीत भरून साडू भिंतीसमोर दिवे लावायला बसले.

"भावोजी, आमचं वजन सोसायटीला जाहीर करताय का?" माझी बायको मागून म्हणाली.

"हलू नकोस. तू हललीस की डावा दिवा वर जातो."

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक गृहस्थ ओरडले, "अहो, माझ्या चहात उजेड पडतोय!"

"एक मिनिट थांबा, खाली घेतो!" साडूंनी तितक्याच आदराने उत्तर दिलं. मावळतीनंतर केव्हातरी उजेड रेघेवर टेकला. आम्ही गाडीतच टाळ्या वाजवल्या. इतके खूश मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मुरबाड मागे पडलं, दिवस मावळला आणि त्यांनी बटण दाबलं. रस्ता दूरवर, कडेच्या गवतासकट, स्वच्छ पिवळा उजळला. ते म्हणाले, "मास्तर, परीक्षा घेऊ. दिसेल ते सांगत चला."

मी सांगू लागलो. मैलाचा दगड. उजवीकडे म्हशी. सायकलवाला. डावीकडे गवताचा भारा घेतलेली बाई.

"बाई कुठे?"

"आत्ता गेली. आपल्या डाव्या हाताला होती."

ती रस्त्यापासून चांगली लांब होती. धोका काहीच नव्हता. पण थोडं अंतर गेल्यावर एका बंद टपरीसमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. दिव्यांसमोर वाकून बराच वेळ बघत राहिले. रुमाल काढून दोन्ही काचा पुसल्या. त्या स्वच्छच होत्या. मग माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "मास्तर, मागे जा." आणि ताईंना, "तू पुढे ये. गाडी घे."

ताईंकडे लायसन्स होतं. त्याचं वेळच्या वेळी नूतनीकरण करून आणायचं काम साडू स्वतः करत. किल्ली मात्र त्यांनी कधी दिली नव्हती. "मी? आत्ता?" ताईंचा आवाज चिरकला. "अहो, मला गल्लीच्या बाहेर जमत नाही."

"जमेल. समोरून येणारा मी सांगतो. दिवे दिसतात मला."

आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कल्याणकडे निघालो. मागून हॉर्न वाजत होते. "वाजवू दे. तू तुझं बघ," साडू म्हणत होते. त्यांचा उजवा हात बटणावर होता. समोरून ट्रक दिसला की ते म्हणत, "बंद," आणि दिवे मालवत, ट्रक गेला की, "चालू." दोनच शब्द, डोंबिवलीपर्यंत. माझी बायको अंधारात माझा हात धरून बसली होती.

त्यानंतरही माणसं आणणं थांबलं नाही. विमानतळावर दोघं तासभर आधी पोचत. ताई चौथ्या गिअरपर्यंत आल्या, मग कुणी आडवा घुसला तर काच खाली करून त्याला ऐकवूही लागल्या. साडू शेजारी ताठ बसून समोर बघत. पुढे पुढे त्यांना समोरचे दिवेही उशिरा दिसू लागले. "बंद" म्हणेपर्यंत ट्रक शेजारून निघून गेलेला असे. ताईंनी ते एकदाही त्यांच्या ध्यानात आणून दिलं नाही.

मागच्या मार्गशीर्षात ते गेले. शनिवार चालू आहे. ताई मला पुढे बसा म्हणतात, मी मागेच बसतो, आणि त्याही फार आग्रह करत नाहीत. मुरबाड सोडलं की त्या दिवे लावतात. समोरून गाडी आली की स्वतःशीच, पण ऐकू येईल असं म्हणतात, "बंद," आणि डावा हात लांब करून बटण दाबतात. गाडी निघून जाते. मग थोडा वेळ नुसताच रस्ता जात राहतो, आणि नंतर, जरा उशिराने, "चालू."