अकरा वर्षांचा पाहुणा

गावात त्याला पेनकाका म्हणायचे. खरं नाव प्रेबेन. डेन्मार्कचा, लाकडी बोटी दुरुस्त करणारा सुतार. ते नाव आमच्या जिभेवर काही बसेना, तेव्हा बुनलोमने त्याचं पेन करून टाकलं. एखाद्याला एखादं काम येतं हे सांगायला आमच्या बोलीत हाच शब्द लागतो, त्यामुळे नाव शोभलंही त्याला. करवत द्या, रंधा द्या, पटाशी द्या, सगळं यायचं. माणसं वाचणं तेवढं आलं नाही.

बुनलोम माझ्या मावशीची मुलगी. मेकाँगच्या काठाला, बाजार संपतो तिथे तिची शेवयांच्या सुपाची गाडी होती. नवरा दारूपायी गेलेला, एकुलता एक मुलगा नोप दूर, बँकॉकच्याही पलीकडे, रायोंगच्या कारखान्यात. पेनकाका पहिल्यांदा सूप प्यायला बसला तेव्हा साठीला टेकला होता, तिकडे घटस्फोट होऊनही बरीच वर्षं झाली होती. बसल्या बसल्या बाक डुगडुगलं. दुसऱ्या दिवशी तो खिशात लाकडी पाचर घेऊन आला आणि थेट बाकाखाली शिरला. बुनलोम इतकी हसली की शेजारच्या मासेवाल्या बघायला आल्या. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे पुढे त्यांच्या प्रेमातही दुभाषी म्हणून मलाच बसावं लागलं. कधी कधी मला फार लाज वाटे.

लग्न गावच्या रीतीने झालं. म्हाताऱ्यांनी दोघांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, भंत्यांनी मंत्र म्हटले, गाव जेवलं. कचेरीतली नोंद मात्र राहिली. त्याच्या देशातून कसलासा दाखला यायचा होता. तो आला तेव्हा भाताची लावणी चालू होती, मग कापणी, मग कुणाचं तरी आजारपण. मी मागे लागले की बुनलोम म्हणायची, "ताई, अख्ख्या गावाने पाहिलंय. सरकारला वेगळं काय दाखवायचं?"

घराचंही तसंच. परक्या देशाच्या माणसाला आमच्याकडे जमीन घेता येत नाही, हे मी त्याला आधीच फोड करून सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाई, मी घर राहायला बांधतोय. नावावर करायला नाही." जमीन बुनलोमची, नदीला लागून. जुनी भाताची कोठारं मोडली की तो त्यांचं सागवान घेऊन यायचा. खिळा न वापरता, खोबणीत खुंट्या ठोकून त्याने ते घर उभं केलं. जिना तर असा की अनवाणी चढलं की तळव्यांना बरं वाटायचं. लोक मुद्दाम बघायला यायचे. तो त्यांना हात धरून जिन्यावर चढवायचा.

मग त्याला वाटू लागलं की आपण इथले झालो.

झाला नव्हता. आम्ही हसतमुख माणसं. नाही म्हणायचं असलं तरी हसतो, राग आला तरी हसतो, आणि समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा धरतो. तो मला विचारायचा, "बाई, गावचे प्रमुख येतो म्हणाले होते. आले का नाहीत?" मी सांगायचे, "येतो म्हणाले म्हणजे येणार नाही म्हणाले." तो तासभर धुमसायचा. दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन आपण अजून त्याच घरात राहतो हे सांगावं लागायचं. धबधब्यावर गेलो तर आम्हाला एक तिकीट आणि त्याला वेगळं, बरंच महाग. बाजारात लेकरं "फरंग, फरंग" ओरडायची, म्हणजे गोरा परदेशी. पहिल्या वर्षी त्याला गंमत वाटली. दहाव्या वर्षी एका लेकराला तो आमच्या भाषेत म्हणाला, "बाळा, मला नाव आहे." लेकराने घाबरून भोकाड पसरलं, आणि फरंगाने पोराला दम दिला, अशी बोंब गावभर झाली.

अपघाताची गोष्ट तर सांगायलाच हवी. प्रमुखांचा मेव्हणा भरदिवसा दारू पिऊन उलट्या बाजूने मोटरसायकल घेऊन आला आणि पेनकाकाच्या स्कूटरवर आदळला. पेनकाकाचा हात मोडला, मेव्हण्याला खरचटलं. विहाराच्या मंडपात बैठक बसली. प्रमुख माझे जुने विद्यार्थी, फार गोड बोलायचे. ते म्हणाले, "काका, त्या वेळी तुम्ही रस्त्यावर नसता तर हे झालंच नसतं. खरं की नाही?"

मी भाषांतर केलं. पेनकाकाने मला ते पुन्हा करायला लावलं, कारण त्याला वाटलं मी चुकले. मग तो मला म्हणाला, "त्यांना विचारा, मी गावातच नसतो तर?" मी ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बुनलोमने फळांची परडी भरली आणि प्लास्टर बांधलेल्या नवऱ्याला घेऊन मेव्हण्याच्या घरी गेली. त्याला एकाच हाताने नमस्कार करावा लागला. मेव्हण्याची बायको म्हणाली, असू द्या, आम्ही काही मनावर घेतलं नाही.

परतताना तो वाटेत थांबला आणि बुनलोमला म्हणाला, "तुझ्यासाठी केलं." ती म्हणाली, "माहितीये." तिच्यासाठी तो सगळंच करायचा. ती होती तोवर त्याचं इथे चाललं.

मग ती गेली. आमच्याकडे नदीतले मासे कच्चेच, लिंबू, मिरची नि भाजलेल्या तांदळाची पूड लावून खातात. त्यातून यकृतात कीड होते आणि बऱ्याच वर्षांनी कर्करोग, हे दवाखान्यातले लोक बोर्ड लावून लावून दमले. पेनकाका तिच्या हातातली थाळी ओढायचा. ती म्हणायची, "माझ्या आईने खाल्लं, आजीने खाल्लं." खरंच होतं, आई नि आजीही त्यानेच गेल्या. खोन केनच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती. शेवटचे महिने त्याने तिला खालच्या पडवीत, नदी दिसेल अशा खाटेवर ठेवलं. खाट त्यानेच केली होती.

दहनाच्या दिवशी घरच्यांची रांग वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी होती. चितेवर वाहायचं चंदनी लाकडाचं फूल हातात घेऊन पेनकाका पुढे आला. नोपची बायको दुआन तिथे उभी होती. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "बाबा, पाहुण्यांनी इकडून." आणि तो गेला पाहुण्यांच्या रांगेत. मी हाताला धरून त्याला पुढे आणलं. दुआन हसली, म्हणाली, "अगं बाई, मावशी, माझं लक्षच नव्हतं."

शंभराव्या दिवसाचं पुण्यकार्य आटोपलं आणि नोप रायोंगची नोकरी सोडून बायकोसह घरी आला. भांडण असं झालंच नाही कधी. घर आईचं, आईमागे मुलाचं. कचेरीतल्या नोंदीशिवाय पेनकाका कायद्याने तिचा कोणीच नव्हता. नोप त्याच्या पायाशी बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही जायचं नाही. हे तुमचंच आहे." पेनकाकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या डोक्याला कोणी हात लावत नाही, पण नोपने ते सहन केलं.

मग वरच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या ठरल्या. बँकॉकचे लोक थंडीत धुकं बघायला येतात, त्यांना जुन्या सागवानाचं घर हवंच असतं. पेनकाकाचं सामान आधी खालच्या खोलीत आलं, मग पडवीत, मग अवजारांच्या शेडमध्ये. दर वेळी दुआन गोड बोलून विचारायची आणि दर वेळी तो हो म्हणायचा. मी म्हटलं, "एकदा तरी नाही म्हणा." तो म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, इथे नाही म्हणत नाहीत."

दिवसभर तो काही ना काही करत बसे. पाहुण्यांच्या ट्रंका घासून जिन्याच्या पायऱ्यांना चरे पडायचे, ते त्याला बघवत नसे. दुआनला मात्र पाहुण्यांपुढे तो लाकडाच्या भुशात माखलेला म्हातारा आवडेना. फोटोत येतो, म्हणायची.

एका सकाळी तो पायरीला रंधा मारत असताना इमिग्रेशनची गाडी आली. परक्याने सुतारकाम करायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि परवान्याशिवाय तर कुठलंच काम नाही. फुकट केलं तरी काम ते काम. त्याला रंध्यासकट नेलं. दुभाषी म्हणून मला गाडीतूनच बोलावणं आलं, तेव्हा मी आधी त्याचे कपडे आणायला त्या घरी धावले. पिशवी जिन्याच्या तळाशी तयार होती. घड्या घातलेले शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, पासपोर्ट, सगळं नीट भरलेलं. चेन लावलेली. गाडी जाऊन पंधरा मिनिटंही झाली नसतील. दुआन वर चादरी झटकत होती. तिने खाली बघितलं नाही.

ठाण्यावर साहेब सभ्य होता. त्याने आम्हाला पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला. मी पेनकाकाला इंग्रजीत हळूच सांगितलं, "हात जोडा. नियम माहीत नव्हता म्हणा. चूक झाली म्हणा. सोडतील."

तो म्हणाला, "त्यांना सांगा, मी माझ्या घराची पायरी दुरुस्त करत होतो."

मी सांगितलं. साहेबाने विचारलं, "घर कुणाच्या नावावर?"

"मुलाच्या."

"मग मुलाला बोलवा. घरातलंच काम होतं असं तो म्हणाला, तर बघू."

नोप आला. आत येताच त्याने साहेबाला नमस्कार केला, मग पेनकाकाला त्याहून खाली वाकून केला. पेनकाकाच्या चेहऱ्यावर उजेड आला, तो मला अजून दिसतो. साहेबाने विचारलं, हे तुमच्या घरातले आहेत ना, घरचंच काम करत होते ना. नोपने मान खाली घातली आणि अतिशय दुःखाने म्हणाला, "साहेब, आम्ही बाबांना किती वेळा सांगितलं, करू नका म्हणून. पाहुण्यांसमोर नियम मोडतात. ऐकतच नाहीत."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. पेनकाकाने हात वर करून मला थांबवलं. अकरा वर्षांत तेवढी भाषा त्याला आली होती.

तो नोपकडे वळला. मग आमच्याच भाषेत, आमच्याच पद्धतीने, आवाज न चढवता म्हणाला, "नोप, बाळा, जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. पाहुणा पडेल." आणि साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही केली.

त्याला देशाबाहेर काढलं आणि काही वर्षं परत यायला मनाई केली. बाहेर म्हणजे कुठे, तर आधी समोरच्या काठावर, लाओसमध्ये. तिथल्या गावात त्याने खोली घेतली. नदी उन्हाळ्यात इतकी आटते की पलीकडचा कुत्रा भुंकला तरी ऐकू येतो. मला वाटलं, रोज काठावर बसून घराकडे बघत असेल. चिकट भात आणि वाळवलेलं मांस बांधून मी होडीने भेटायला गेले, तर त्याची खोली मागच्या गल्लीत होती, खिडकी डोंगराकडे. नदीची बाजू का घेतली नाहीत, असं मी विचारलं.

"दुआनने छपराला हिरवा रंग दिलाय," तो म्हणाला. "एकदा बघितलं. पुरे."

भात त्याने खाल्ला नाही. बोटांनी गोळे करत बसला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत. गावात कुणी तरी मला आपला समजत होतं का?"

मी म्हटलं, "बुनलोम."

"ती सोडून."

नदीवरून होडीवाल्याने हाक मारली, शेवटची फेरी निघत होती. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "मी." तो मान हलवून बरं म्हणाला. त्याचा विश्वास बसला की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

पावसाळ्याआधी तो डेन्मार्कला परतला. तिकडेही त्याचं कोणी राहिलं नव्हतं, बहीण तेवढी होती, तिने वृद्धाश्रमात जागा मिळवून दिली. इकडे घर जोरात चाललंय. थंडीत महिना महिना आधी खोल्या भरतात. बँकॉकचे लोक जिन्यावर बसून फोटो काढतात आणि जुन्या काळचे कारागीर किती थोर होते असं म्हणतात. नोप मान डोलावतो. आमच्या आजोबांनी बांधलं, असं सांगतो.

विहाराच्या भिंतीत बुनलोमच्या अस्थींचा कोनाडा आहे. शेजारचा पेनकाकाने स्वतःसाठी राखला होता. गेल्या वर्षी तिथे दुआनच्या आईच्या अस्थी ठेवल्या.

सोंक्रानला, म्हणजे आमच्या नववर्षाला, मी बुनलोमच्या कोनाड्यावर पाणी घालते, आणि त्या दिवशी त्याचा फोन येतोच. घातलंस का, विचारतो. पूर्वी तुम्ही म्हणायचा, आता तू म्हणतो. शेजारच्या कोनाड्याचं मी त्याला सांगितलेलं नाही. यंदा म्हणाला, आश्रमात त्याची काळजी घेणारी बाई उदोनची आहे, आमच्याच भागातली. तिच्याशी तो आमच्या बोलीत बोलतो, आणि तिथल्या इतर म्हाताऱ्यांना ते खटकतं.

मी विचारलं, "बरी आहे का ती तिकडे?"

"बरी कसली. वीस वर्षं झाली, शेजारी अजून तिला विचारतात, परत कधी जाणार म्हणून." मग म्हणाला, "पण घर आहे तिचं, स्वतःच्या नावावर. लाकडी. खिडक्या जरा फुगल्यात. मी म्हटलं येतो एकदा, रंधा मारून देतो."

"मग गेलास?"

"नाही," तो म्हणाला. "हात चालत नाहीत आता."