बस रबाळ्याची, नंबर परक्या राज्याचा

गोव्याला जायचं ठरलं आणि मी आधी भावात घासाघीस केली. वाशीच्या मार्केटजवळ वाढलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? रबाळ्याचे हरेशदादा दर शनिवारी पहाटे वाशीहून पणजीला स्वतःची बस नेतात, स्वतःच चालवतात. तिकीट हजार. "दुसरे आठशेत नेतात," मी ऐकवलं. त्यांनी वाद न घालता शंभर कमी केले. मी ऐटीत खिडकी पकडली, नवरा शेजारी. बस अर्धी रिकामी आहे, हे मला पनवेलनंतर दिसलं.

तुम्हाला जायचं असेल तर कोंडी व्हायच्या आत सकाळी लवकर माणगाव गाठा, आणि कंबर दुखत असेल तर मागची सीट अजिबात घेऊ नका. संगमेश्वरच्या पुढे एका खानावळीत सुरमईची थाळी अडीचशेला मिळाली. सोलकढी तिसऱ्यांदा मागितली तरी कुणी तोंड वाकडं केलं नाही.

जेवताना हरेशदादा गाडीबद्दल बोलले. त्यांच्या गावात नवी गाडी आधी गावदेवीपुढे उभी करतात, तिचंच नाव बसच्या काचेवर होतं, आणि घरातली म्हातारी नंबरप्लेटला हळदकुंकू लावते. "जमीन गेली शहराला," ते म्हणाले, "त शहराचा नंबर तरी आपला. एमएच त्रेचालीस."

बांद्याच्या अलीकडे चहाला थांबलो. शेजारी गच्च भरलेली बस, नंबर ईशान्येकडच्या राज्याचा. मी कौतुकाने तिच्या ड्रायव्हरला विचारलं, "एवढ्या लांबून आलात? किती दिवस लागले?"

"ताई, मी कळंबोलीचा. गाडीपण तिथलीच. तिकडे नुसते कागद जाऊन आले."

मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. हरेशदादांनी मान हलवली. "खरा हाय. ऑल इंडिया परमिट सगल्यांना सारखाच. पन गाडीचा टॅक्स जिथं रजिस्टर तिथं भरायचा. तिकडं चिमूटभर, आपल्याकडं सीटमागं मोजून घेतात. तो आठशेत कमावतो, माजा नऊशेत डिझेल सुटतो."

मी थक्कच झाले. रस्ता तोच, खड्डे तेच, टोल तोच, आणि जो आपल्या राज्याचा नंबर लावतो त्यालाच जास्त भुर्दंड! हे सगळं कायद्यात बसतं म्हणे. माझा चहा हातातच गार झाला.

"मग तुम्ही का नाही नंबर बदलत?"

"आई नाय म्हनते. पन रिकाम्या सीटा आईला नाय दिसत. अजून दोन महिने बघनार."

पणजीला उतरताना मी शंभराची नोट पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "ठरला तो ठरला," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पणजी सुंदर आहे, जरूर जा. मी मात्र येता-जाता बसचे नंबर वाचत होते. नवरा वैतागला, "गोवा बघायला आलीस की आरटीओत लागलीस?"

घरी येऊन तीन महिने झाले. गेल्या शनिवारी आईबाबांना पणजीला पाठवायचं होतं. या वेळी घासाघीस नाही, असं ठरवून मी माणशी हजार घेऊन वाशीला गेले. तीच बस, काचेवर गावदेवीचं तेच नाव, खाली परक्या राज्याचा नंबर. मी तो नंबर दोनदा वाचला.

"आता आठशेच हाय, ताई," हरेशदादा म्हणाले.

"आणि पूजा? नव्या नंबरची?"

"आईला बोलवलेली. नाय आली. म्हनाली, पाहुन्याच्या गाडीला मी कशाला हलदकुंकू लावू?"

बस गच्च भरली होती. मी माणशी आठशे मोजून दिले.