लग्नाच्या कॅमेऱ्यासमोरची चाल

सातवीतून शाळा सोडून मी बीडकडून ठाण्याला आलेलो. कोलशेतच्या एका शेडमध्ये कृत्रिम पाय घडवायला शिकलो. शिकवलं डॉक्टरबाईंनी, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पेशंट चालत आला की त्या मला विचारायच्या, "काय दिसतं रे?" मी सांगायचो, टाच सूतभर उंच आहे, गुडघा आत पडतोय. त्या एका प्रश्नावर मी सहा वर्षं ताठ चाललो.

मग नव्वदनंतर कधीतरी बाईंनी कोपर गावचा एक व्हिडिओवाला आणला. लग्नं शूट करणारा. "परदेशात चाल मोजायला मोठी यंत्रं असतात. आपण याच्यावर भागवू," म्हणाल्या. फरशीवर फुटाफुटावर खडूच्या रेघा; पेशंटच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला बायकांच्या लाल टिकल्या. टीव्हीवर चित्र थांबवायचं, काचेवर प्लास्टिक लावून स्केचपेनने टिकल्या जोडायच्या, की पाऊल मोजता यायचं. आता बाई त्याला विचारायच्या, "काय दिसतं रे?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भीतीही वाटायची. आता इथं माझं काय काम? गावी कुठल्या तोंडाने जाऊ?

खाडीवरचे एक कोळी काका गुडघ्याखाली नवा पाय लावून आले. व्हिडिओवाला सवयीने म्हणाला, "काका, सावकाश, मान वर, इकडे बघा." काका नवरदेवासारखे चालले. टीव्हीवर दोन्ही पावलं सारखी. "छान बसलाय पाय," बाई म्हणाल्या. फाटकातून येताना काका पाय ओढत होते, ते मी पाहिलेलं. बोललो नाही. पडू दे याला तोंडघशी.

पंधरा दिवसांनी काका खुंटावर पाय घासून झालेली जखम घेऊन आले. ती पाहून माझी मान वर होईना.

"काका, त्या दिवशी तर नीट चाललात!" बाई म्हणाल्या.

"मंग? शूटिंगमदी लंगडू काय? घरची बघतील ना!"

मी बाईंना सगळं सांगून टाकलं. "कळत होतं, तर गप्प का बसलास?" त्यांनी विचारलं.

जखम भरल्यावर काका परत आले, तेव्हा मी व्हिडिओवाल्याच्या कानात म्हटलं, "झालं म्हण, पण कॅमेरा बंद करू नको." शूटिंग संपलं म्हणून काका चहाकडे निघाले, आणि खरी चाल टीव्हीवर आली. एक पाऊल चार बोटं आखूड.

"शाब्बास!" बाई त्याला म्हणाल्या.

"मी नाही हो बाई, डोकं याचं."

बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, कित्येक दिवसांनी. मी कानस घेऊन काकांचा नवा पाय घासायला बसलो. पण जळफळाट काही गेला नाही. उलट व्हिडिओवाला हलकट निघाला असता तर बरं झालं असतं, असंच वाटत राहिलं.