पाणीसुद्धा पॉझिटिव्ह आलं तेव्हा

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. आमच्याकडे नमुने फ्रीजरमध्ये राहतात, माणसं डोक्यात राहतात. थेरगावात आमची छोटी लॅब आहे. मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम, आणि टेक्निशियन म्हणून संतोष आणि मी. डबा खाताना एकाने आठवण काढली की दुसऱ्याला पुढची सुचते.

*

चाकणच्या कंपनीतला एक सुपरवायझर. बहिणीचं लग्न तोंडावर आणि याला ताप. फ्लूच्या आरटी-पीसीआरला नमुना दिला आणि लगेच फोन सुरू. "राव, मशीन जरा जोरात चालवा ना."

संतोष म्हणाला, "भाऊ, मशीन नमुना तापवतं, थंड करतं, परत तापवतं. विषाणू असेल तर दर फेरीला त्याच्या जनुकाच्या प्रती दुप्पट होतात. पुरेशा झाल्या की नळी चमकते. कितव्या फेरीला चमकली, ते मशीन टिपतं. फेऱ्या गाळून कसं चालेल?"

"कळलं. आमच्या लाइनवरही एक स्टेशन चुकलं की गाडी रिजेक्ट."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोन दिवसांनी त्याच्या हळदीने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "लाइन क्लियर."

*

वाकडचं एक जोडपं, दोघांचाही फ्लू पॉझिटिव्ह. नवरा रिपोर्ट घेऊन काउंटरवर आला, मागोमाग बायको. "माझा सीटी चौतीस, हिचा एकोणीस. म्हणजे मी जास्त आजारी, बरोबर?"

मी म्हणाले, "नाही हो. सीटी म्हणजे नळी कितव्या फेरीला चमकली तो आकडा. तुमची उशिरा चमकली, म्हणजे नमुन्यात विषाणू कमी. यांची लवकर चमकली, म्हणजे जास्त. बाकी आजार किती, ते आकड्यावरून नाही, डॉक्टर तपासून सांगतील."

बायकोने मास्कमधूनच खोकत विचारलं, "ऐकलंत ना? मग चहा तुम्ही करा."

*

प्रत्येक वेळी नमुन्यांबरोबर एका नळीत आम्ही नुसतं शुद्ध पाणी लावतो. ती अंधारीच राहायला हवी. एकदा ती चमकली.

संतोषचा चेहरा उतरला. "मॅडम, पाणी पॉझिटिव्ह आलंय."

"मग आज कुणाचाच रिपोर्ट जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

कुठून तरी विषाणूच्या जनुकाचा कण मिसळला होता. ओटे पुसले, सगळी रसायनं नवी काढली, सगळे नमुने पुन्हा लावले. फोनवर लोकांची बोलणी मी खाल्ली. दुसऱ्या खेपेला पाणी अंधारं राहिलं, आणि आधी पॉझिटिव्ह दिसलेल्या तिघांच्या नळ्याही. त्यात एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता कुणीतरी मला प्यायचं पाणी द्या."

*

राजगुरुनगरकडचे एक आजोबा. टीबीचं औषध पूर्ण झालं होतं, वजनही वाढलं होतं, तरी पीसीआर पॉझिटिव्ह. त्यांनी पारावर पत्ते खेळायला जाणं बंद केलं. मॅडमनी समजावलं, "बाबा, ही तपासणी जंतूचं जनुक शोधते. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. आपण थुंकीतला जंतू लॅबमध्ये वाढतो का ते बघू."

काही आठवड्यांनी कळलं, काहीच वाढलं नव्हतं. डॉक्टरांनीही बरे झाल्याचं सांगितलं.

आजोबांनी खात्री करून घेतली. "मंजी समदे मेल्याले व्हते?"

"हो."

"आन् मी त्यांच्या भ्यानं घरात बसलो व्हय!"

*

हा शेवटचा किस्सा मात्र संतोष जेवताना सांगत नाही. आईला एचआयव्ही. गोळ्या नियमित चालू होत्या. बाळ दीड महिन्याचं. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे साधी चाचणी बाळाबद्दल काही सांगू शकत नाही, म्हणून पीसीआर. नवरा-बायको बाहेर बाकावर बसले होते.

नळी चमकली की स्क्रीनवर तिची रेघ चढते. मुद्दाम लावलेल्या पॉझिटिव्ह नळीची चढली, म्हणजे तपासणी नीट चालली होती. बाळाच्या स्वतःच्या जनुकाचीही चढली, म्हणजे नमुना ठीक होता. विषाणूची रेघ शेवटपर्यंत आडवीच राहिली.

मॅडम स्वतः बाहेर गेल्या. "विषाणू सापडलेला नाही. पुढच्या तपासण्या चुकवू नका. पण आजची बातमी चांगली आहे."

नवऱ्याने भिंतीला डोकं टेकवलं. बायकोने बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आता पापी घेऊ का?"

"अगं, पापीने काही होत नाही. पहिल्या दिवशीही घेता आली असती."

तिने बाळाच्या गालावर ओठ टेकवले. ते झोपमोड होऊन मोठ्याने रडायला लागलं. नवरा उठून बाळाला घ्यायला पुढे आला, तर तिने हात आडवा धरला.

"रडू दे त्याला. अजून दुसरा गाल राहिलाय."