‘मोसम संपल्यावर’ म्हणणारा प्रशिक्षक

फोन आला तेव्हा मी टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीखाली कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांनी फोडू नयेत म्हणून जाळी ओढत होते. आमच्या बास्केटबॉल क्लबचे मॅनेजर मोरिता-सान बोलत होते. प्रशिक्षक स्लावको-सान सकाळी सराव हॉलमधली आपली खोली आवरायला आले होते, तिथेच कोसळले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी वर आले, हात धुतले. पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, राग होता. आज पाच आठवडे झाले, तो उतरलेला नाही.

मी जपानी-इंग्रजी दुभाषी. स्लावको सर्बियाचे, बास्केटबॉलचे व्यावसायिक प्रशिक्षक. टोकियोजवळच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात चार वर्षं मी त्यांचा आवाज होते. गुडघा गेल्यामुळे त्यांचं खेळणं लवकर सुटलं. मग युद्धामुळे देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते त्या वर्षांत, गावातल्या गारठलेल्या हॉलमध्ये, लोकरी टोप्या घालून खेळणाऱ्या पोरांना त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पुढे सहा देश, अकरा क्लब. संघ बुडायला लागला की त्यांना बोलावायचे आणि तो तरंगू लागला की मालक एखादा नावाजलेला माणूस आणून बसवायचे. “सूप मी शिजवतो, वाढायला दुसराच येतो,” असं ते म्हणत. स्वतः बांधलेल्या संघासोबत फायनलपर्यंत बाकावर बसायला त्यांना एकदाही मिळालं नव्हतं. जपानमध्ये, या चौथ्या मोसमात, ते पहिल्यांदा मिळेल असं दिसत होतं.

सरावात ते तोंडाला येईल ते बोलत. एकदा कप्तानावर ओरडले, “तुझी आजीसुद्धा बचावाला तुझ्याआधी पोहोचेल, आणि तीही काठी टेकत!” मी जपानीत सांगितलं, “कृपया थोडं लवकर परतावं.” कप्तानाने कमरेत वाकून आभार मानले. स्लावको माझ्याकडे बघतच राहिले. “मी त्याच्या आजीला मध्ये आणलं आणि हा आभार मानतो? काय सांगितलंस, बॉस?”

“जेवढं शिष्टाचारात बसत होतं तेवढं.”

“म्हणजे चार वर्षं ही टीम तूच चालवतेस!”

खरंच, चार वर्षं मी त्यांच्या वाक्यांना रोज रंधा मारत होते.

मोसमाचे सहा आठवडे उरले असताना स्टेशनचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. हृदयाच्या धमन्या तुंबल्यात, याच आठवड्यात दाखल व्हा. स्लावको म्हणाले, “त्यांना सांग, मोसम संपल्यावर.” मी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच बजावलं, मी तेही सांगितलं. बस... एवढंच. रोज त्यांच्या बोलण्यात मनासारखे फेरफार करणारी मी, तिथे पदरचा एक शब्दही घातला नाही. दुभाष्याने मध्ये आपलं बोलू नये हा नियम मला नेमका तिथेच आठवला.

लिफ्टपाशी ते म्हणाले, “क्लबला कळलं तर ते उद्याच दुसरा माणूस आणतील. तू बोललीस तर तू माझी दुभाषी नाहीस.”

“तुम्ही मूर्ख आहात.”

“हे कुणासाठी भाषांतर?”

“तुमच्यासाठीच.”

ते हसले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, “तारीख घेतली, बॉस. फायनलनंतरचा सोमवार.” मला हायसं वाटलं.

फायनल कुठली! बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत, सलग दोन सामन्यांत आमचा गाशा गुंडाळला गेला. मी म्हटलं, आता तारीख अलीकडे घेऊ. ते म्हणाले, खोली आवरतो, मग बघू. तिसऱ्या दिवशी गेले.

त्याच दुपारी मी त्यांची तारीख रद्द करायला रुग्णालयात फोन केला. काम ते काम. पलीकडच्या बाईंनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, अशा नावाची नोंदच नाही... गॅसवाल्याला बोलवायचं तरी जो माणूस मला फोन करायला लावायचा, त्याने तारीख घेतली असेल कुठल्या भाषेत? हे मला ते तसं म्हणाले त्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

अस्थी न्यायला त्यांची बहीण येलेना आली. शिक्षिका आहे, इंग्रजी मोडकंतोडकं पण नेमकं. आम्ही दोघी मोरिता-सानसोबत सराव हॉलमधल्या त्यांच्या खोलीत उभ्या होतो. मोरिता-सान जपानीत म्हणाले, “त्यांना सांगा, कुणालाच कल्पना नव्हती. अखेरपर्यंत त्यांनी खेळाला जीव वाहिला.” हे वाक्य क्लबच्या शोकसंदेशातही होतं. त्याचं इंग्रजी मीच केलं होतं, निमूटपणे.

मी वळले आणि तिला सांगितलं, “त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही.” मग तेच मोरिता-सानना जपानीत सांगितलं, एक शब्दही मऊ न करता.

येलेनाने विचारलं, “थांबवलं का नाहीस?”

“नाही थांबवलं,” मी म्हणाले.

ती भिंतीवरच्या फळ्याकडे वळली. त्यावर त्यांच्या अक्षरात सर्बियन भाषेत काहीतरी लिहिलं होतं. तिने वाचून दाखवलं. पुढच्या मोसमाच्या पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक होतं ते. आवरायला कसले, माणूस आखणी करायला आला होता! सगळ्यात वरची ओळ अशी होती, ‘सरावाआधी प्रत्येकाची हृदयतपासणी. सबबी चालणार नाहीत.’

“गाढव,” येलेना म्हणाली, आणि भिंतीला टेकून रडू लागली.

फळा अजून तसाच आहे. मोरिता-सान पुसू का विचारतात, मी नको म्हणते. नवा प्रशिक्षक ऑगस्टमध्ये येतोय. विमानतळावरून मी त्याला आधी डॉक्टरकडे नेणार आहे. चिडला तर चिडू दे.