चारातले सव्वातीन

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंचवटीतल्या माझ्या दुकानात सुक्या मिरचीचा भाव तोडत होतो. सौदा पुरा केला, मग शटर ओढलं. वसंता माझा धाकटा साडू. तीन वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होतो, त्यामुळे हातपाय गळाले वगैरे काही झालं नाही. आता दीड महिना उलटलाय, म्हणून लिहितो आहे.

आमच्याच शहरात द्वारका चौकात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शर्टाच्या खिशात कायम एक खोडरबर. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात त्या रबरानं घासले की बंद पडलेलं मशीन बरेचदा पुन्हा सुरू व्हायचं, आणि एवढ्याशा कामाचे पैसे मागायची त्याला लाज वाटायची. मी सुरगाण्याची नागली हातगाडीवर विकत वर आलेला माणूस, मला हे कधी पटलं नाही. "फुकट केलं की लोक त्याला काम म्हणत नाहीत," मी सांगायचो. तो हसायचा. "अण्णा, झिजलं ते रबर. मी कुठं झिजलो?" आणखी एक सवय होती. मशीन बंद करण्याआधी आत काय बसवलं ते चिठ्ठीवर लिहून तो झाकणाला आतून चिकटवायचा. पुढं जो उघडेल त्याला कळायला नको का, म्हणायचा.

माझ्या दुकानातलं मशीन तेव्हाच जुनं झालं होतं. बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात भाव विचारून परत यायचं. नवं घ्यायचं नव्हतं, कारण बिलाचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालणार नव्हता. वसंता म्हणाला, मेमरी वाढवू. आत एक जीबीची पट्टी आहे ती राहू द्या, शेजारी दोनची घालतो, तीन जीबी पुरे. मी म्हटलं, पुरे कशाला? दोन-दोनची जोडी लाव, जोडीत भाव कमी कर आणि जुनी पट्टी परत घे. त्यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी माझंच खरं झालं.

त्यानं जोडी बसवली, मशीन सुरू केलं. मी चष्मा लावून पडद्यावर वाचलं… वापरायला सव्वातीन. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती.

"वसंता, पाऊण कुठं गेलं?"

"अण्णा, पट्ट्या चारच्याच आहेत. विंडोज जुनी आहे, तिला तेवढंच वापरता येतं."

"मी पोत्यात पाव किलो कमी भरलं तर लोक काटा डोक्यात घालतील. माप मारतोस, तेही घरात?"

त्यानं चिठ्ठी लिहिली, झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि तो चहा न घेता गेला. त्यानंतर लग्नाकार्यात आम्ही भेटायचो, पण तो पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. मीही त्याला हाक मारली नाही. माझा हिशोब सरळ होता. जे वापरता येत नाही ते विकायचं नसतं आणि विकायचं तर आधी सांगायचं असतं.

मशीन मात्र तीन वर्षं कुरकुरलं नाही. गेल्या आठवड्यात सुरू न होता नुसतं शिट्ट्या मारायला लागलं. नवा दुरुस्तीवाला आला, झाकण काढलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. वसंताचं बारीक, उभं अक्षर. 'दोन अधिक दोन. दिसतील सव्वातीन. विंडोज बदलल्यावर पूर्ण चार. मालकांना आधी सांगितले आहे.'

गल्ल्यावर माझी बायको सुमन बसली होती, जोडी बसवली त्या दिवशीही तीच होती. तिला विचारलं, "यानं आधी सांगितलं होतं?"

"दोनदा. तुम्ही जुन्या पट्टीचं धरून बसला होतात."

"मग तेव्हा तू का नाही बोललीस?"

"तुम्ही कुणाला बोलू देत होतात?"

मला आजही त्याचं सांगणं आठवत नाही. सुमन खोटं बोलत नाही, आणि वसंता चिठ्ठीत खोटं लिहिणारा नव्हता… एवढ्यावर मी ते मान्य करतो. पण माझा राग पुरता गेलेला नाही. खरं होतं तर ओरडून सांगायचं. मी चारचौघांत चोर म्हटलं, त्यानं चारचौघांत माझं तोंड बंद करायला हवं होतं. तीन वर्षं गप्प बसून त्यानं मला चुकीतच राहू दिलं, आणि आता उत्तर द्यायला तो नाही. बोललो होतो चारचौघांत, म्हणून हेही चारचौघांत लिहितो.

दुरुस्तीवाल्यानं पट्ट्या काढून खोडरबरानंच घासल्या. मशीन सुरू झालं. "काका, विंडोज बदलू? चार दिसतील."

"प्रोग्राम चालेल?"

"तो नाही चालणार."

"मग सव्वातीन बास आहेत."

तो झाकण लावायला लागला तेव्हा त्याला थांबवलं. चिठ्ठी अजून माझ्या हातात होती. वसंताच्या ओळीखाली पेननं लिहिलं, 'सांगितले होते. मालकांनी ऐकले नाही.' खाली सही केली आणि ती आतून पुन्हा होती तिथंच चिकटवली. पुढं जो उघडेल त्याला कळायला हवं.