मॉलमधली इटली

मित्रहो, इटलीतलं समुद्रकाठचं एक गाव माझ्या बायकोला, सुमतीला दाखवायचं, हे आमचं कधीचं ठरलेलं. तिची नजर झपाट्याने जातेय. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर दिसेल.

आज सकाळी इथे आखातात नोकरीला असलेला आमचा मुलगा मिलिंद चहा घेताना म्हणाला, "बाबा, स्टेडियमचं काम मागे पडलंय. वर्ल्ड कप होईपर्यंत सगळ्यांच्या रजा बंद, खलास. नंतर जाऊ, इन्शाल्ला."

"तेव्हा मी काय बघणार रे?" सुमतीने विचारलं.

दुपारी त्याने आम्हाला इथल्या एका मॉलमध्ये सोडलं. आत इटलीसारखा कालवा केलाय, छतावर निळं आकाश रंगवलंय. आम्ही होडीत बसलो. शाळेत समुद्राच्या कविता चालीवर म्हणायचो, त्याच सुरात मी तिला सांगू लागलो. डोंगरउतारावरची रंगीत घरं, लिंबाच्या बागा, चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्या, खाली कोळ्यांच्या होड्या.

"अहो, समुद्राला वास असतो," ती म्हणाली. "इथे फिनेलचा येतोय."

मी वाकून कालव्याच्या पाण्याचा वास घेतला.

"थांबलात कशाला? सांगा की. यापुढे मला असंच बघायचंय."

पण माझ्याजवळचं सांगून संपलं होतं. मीही ते गाव फोटोतच पाहिलंय, आणि आता आमचं तिथे जाणं होत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा गावात राहून आलंय का? तिथे सकाळी काय दिसतं, कसला वास येतो, एवढं लिहाल? तिला वाचून दाखवीन.